कुंभारणीचं घर

किडा दिसला की माझं डोकं फिरतं. लहानपणी कानात गोम गेली होती, तेव्हापासूनचं हे वैर. म्हणून १९५४ साली मला हिवतापाच्या फवारणीत नोकरी लागली तेव्हा आमच्या जालन्याच्या घरी सगळे हसले. सरकारनं गिरिधरला बरोबर हेरलं, म्हणाले.

पंप मारायला माझ्याबरोबर कारभारी नावाचा भोकरदनकडचा माणूस होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा आणि अकलेनंही. आम्ही गावोगाव जायचो, घरातली भांडीकुंडी बाहेर काढायला लावायची, भिंतींवर आणि छताला डीडीटीचं पांढरं पाणी मारायचं, दारावर गेरूनं तारीख टाकायची आणि पुढचं घर गाठायचं.

या नोकरीत मला एक गोष्ट कळली. किडा किती नुकसान करतो यावर माणसाचा राग-लोभ ठरत नाही. डास घरातल्या दोघातिघांना अंथरुणाला खिळवायचा, तरी त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. "मच्छर काय, कानाशी गाऊन राह्यलंय बिचारं," असं एका गृहस्थानं मला ऐकवलं. ढेकणावर मात्र अख्ख्या गावाचा दात. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "ढेकणं मरतेत का?" मी बेधडक हो म्हणायचो. आमच्या औषधानं ढेकूण मरायचे तर नाहीतच, उलट फटींतून बाहेर पडून जास्तच चेकाळायचे. दुसऱ्या फेरीला गेलो की बायका आमचा असा उद्धार करायच्या की कारभारी पंप घेऊन माझ्या मागं उभा राहायचा. मुंग्यांची रांग दिसली की म्हातारी माणसं आम्हाला थांबवत, चिमूटभर पीठ टाकून रांग दुसरीकडं वळवत, आणि मग म्हणत, मारा आता. मला हा सगळा वेड्यांचा बाजार वाटायचा. सगळे किडे सारखे, सगळे मेले पाहिजेत, हे माझं साधं मत होतं.

श्रावण संपता संपता आम्ही हसनाबादला पोचलो. तिथं गोजरबाईंचं माळवदाचं घर होतं. गोजरबाई विधवा, पन्नाशी उलटलेली; घर आणि शेत दोन्ही त्यांच्या हुकमात. घरात मुलगा रामकिसन आणि सून तारा. ओसरी मारून झाली, स्वयंपाकघर झालं. माजघराच्या दारात मात्र बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"इथं दवाई मारायची न्हाई."

"का?"

"कुंभारणीनं घर केलंय."

वर तुळईच्या कडेला मुठीएवढा मातीचा गोळा दिसत होता. कुंभारीण म्हणजे ती बारीक कंबरेची माशी. चिखल तोंडात धरून आणते आणि भिंतीला घर बांधते. ती ज्या घरात घर करते त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. हे मला ठाऊक होतं. पण माणसं झोपतात तीच खोली सोडली तर बाकीची फवारणी पाण्यात जाते, हेही ठाऊक होतं.

"मावशी, इथं झोपतं कोण?"

"हे दोघं."

"मग हीच खोली आधी मारायला पाहिजे."

"बिलकुल न्हाई," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसूनच घेतलं.

रामकिसननं मला बाजूला गोठ्याकडं नेलं. चांगला तगडा गडी, पण बोलताना नजर जमिनीवर. लग्नाला सात वर्षं झाली होती. ताराला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा दिवाळीच्या सुमाराला हिवताप आला आणि पोटातलं गेलं. शेवटी गोजरबाईंनी केदारखेड्याची एक मुलगी बघून ठेवली, रामकिसनला दुसरी म्हणून. चुलत्यांनी तिकडं शब्द दिला आणि दसरा झाला की सुपारी फोडायची ठरली. तेवढ्यात कुंभारणीनं घर बांधलं आणि गोजरबाईंनीच केदारखेड्याला निरोप धाडला, होळीपर्यंत थांबा.

"ते घर फुटलं तर आई थांबणार न्हाई, सायेब," रामकिसन म्हणाला.

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?"

"आईपुढं मी काय म्हणणार?"

मला त्याचा असा संताप आला की पंपाची नळी त्याच्याकडंच वळवावी. एका बाईचं घरातलं राहणं माशीनं आणलेल्या चिखलावर टांगलं होतं. आमच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की हिवतापात पोटातलं मूल बऱ्याचदा टिकत नाही. म्हणजे ज्या किड्यानं दोन लेकरं नेली तो त्याच खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मजेत बसला होता, आणि कौतुक चाललं होतं दुसऱ्याच किड्याचं.

मी परत आलो. म्हणालो, "मावशी, मी वर चढतो, त्या घरावर फडकं बांधतो आणि बाकीची खोली मारतो. घराला धक्का लागणार नाही."

"तुमी वर चढायचंच न्हाई."

इथं कारभारी कामी आला. "मंग दारावर नकार लिहावा लागंल, मावशी," तो हळूच म्हणाला. "अन मंग बडे सायेब येतेत. ते काय फडकं-बिडकं बांधायचे न्हाईत." गोजरबाई उठून बाजूला झाल्या. रामकिसननं शिडी धरली आणि मी फडकं घेऊन वर चढलो.

तोवर मी कुंभारणीची शेकडो घरं फोडली होती, त्यामुळे तिची कारागिरी मला पाठ होती. ती ओल्या मातीच्या बारीक कडा एकावर एक चढवत जाते. जवळून पाहिलं तर रेघा दिसतात. या गोळ्यावर एकही रेघ नव्हती. बोटांनी दाबल्याचे सपाट ठसे होते. एके ठिकाणी नखाची कोर उमटली होती. काडी खुपसून तोंड केलं होतं, आणि ते भोक आत कुठंच जात नव्हतं.

मी खाली पाहिलं. तारा जात्यापाशी उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. सगळे त्या गोळ्याकडं बघत होते, ती एकटी माझ्या तोंडाकडं बघत होती. मला कळलं. 

"किती कप्पे झाले, सायेब?" रामकिसननं खालून विचारलं.

अंधश्रद्धेवरून गावागावांत भांडलेला माणूस मी. ढेकणाबाबत खोटं बोलायचो ते सोडा, पण असल्या खुळात कधी कुणाच्या हो ला हो केलं नव्हतं. मी पुन्हा ताराकडं पाहिलं. मग म्हणालो, "चार. तीन बंद झालेत. चौथ्याचं काम चालू आहे."

"ऐकलं का!" गोजरबाई लगेच म्हणाल्या, शेजारच्या भावकीच्या दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सरकारी माणूस सांगून राह्यलाय!"

एकदा थाप मारलीच होती, तर मी तिच्यावर आणखी एक चढवली. फडकं बांधत म्हणालो, "पण होळीपर्यंत या भिंतींना पोतारा द्यायचा नाही. सारवायच्याही नाहीत. हादरा बसला तर कुंभारीण निघून जाईल." खरी गोष्ट अशी की दसऱ्याला बायका घरोघर भिंती पांढऱ्या मातीनं पोतारत आणि आमचं औषध मातीखाली गाडलं जाई. तालुकाभर घसा कोरडा करूनही त्यांना हे मला पटवता आलं नव्हतं. या घरात एका थापेत काम झालं. कारभारीनं सबंध खोली निगुतीनं मारली.

निघताना तारानं हातांवर पाणी घातलं. बाकीची मंडळी भांडी आत नेत होती.

"भाऊ, तुमी पाह्यलं," ती पुटपुटली.

मी हात चोळत राहिलो.

"पयलं खरं होतं. मांजरानं पाडलं. खाली नुसता चुरा, अन आत हिरव्या अळ्या, जित्या न्हाई, मेल्या न्हाई. आत्याबाई शेतात गेल्त्या. त्याच मातीत पानी घातलं अन..." तिनं मागं वळून पाहिलं. "मला खोटं करायचं नव्हतं, भाऊ. पण सवत आली तर मंग मी कुठं जाऊ?"

मी तिला एवढंच म्हणालो की भिंत पोतारू नको आणि अंग तापलं तर त्याच दिवशी दवाखान्यातून गोळ्या आणव. बोलला तो खात्याचा माणूस. माणसासारखं काय बोलावं ते मला सुचलं नाही, याची लाज मला भोकरदनला पोचेपर्यंत वाटत राहिली.

तो सगळा हिवाळा ते घर माझ्या मनातून गेलं नाही. मी रोज हजारो किडे मारत होतो आणि जीव लावून बसलो होतो एका खोट्या घरट्याला. मांजर पुन्हा चढलं तर? कुणी जवळून पाहिलं तर? होळी झाली तेव्हा मी आष्टीकडच्या गावांत होतो. त्या दिवशी जेवणही गेलं नाही. कारभारीला सांगितलं तर तो म्हणाला, "सायेब, तुमी लई कच्चे निघाले."

वैशाखात पुन्हा हसनाबादची पाळी आली. गोजरबाई ओसरीवर एकट्याच बसून डाळीतले टोके निवडत होत्या. मी राम राम केला आणि त्यांच्या डोक्यावरून सरळ माजघरात पाहिलं. तुळई मोकळी होती. 

"मावशी, कुंभारणीचं घर?"

"मीच काढलं. होळी झाल्यावर."

"आणि केदारखेडा?"

"ती पोरगी दिली दुसरीकडं, माघातच. मीच सांगितलं, आमची वाट पाहू नका."

"मग... ताराबाईंना काही...?"

"अजून काई न्हाई. यंदा ताप न्हाई आला तिला, एवढं हाय." त्यांनी एक किडा चिमटीत धरून अंगणात टाकला. मला काही उमगेना. पाळणा नाही, घरटंही नाही, मग सून घरात राहिली कशाच्या आधारावर? मी धीर देण्याच्या सुरात म्हणालो, "कुंभारीण आली होती म्हणजे होईल, मावशी. चार कप्पे मी स्वतः पाहिले होते."

गोजरबाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि चक्क हसल्या.

"सायेब, चाळीस वर्षं भिंती सारवून राह्यले मी. बाईची बोटं अन माशीचं काम मला कळत न्हाई व्हय?"

त्यांनी सुपातली डाळ पुन्हा पसरली.

"त्या दिवशी विळा विसरले म्हणून शेतातून माघारी आल्ते. दारातून पाह्यलं तर ही उखळ पालथं घालून वर चढलेली. हातात चिखल. रडून राह्यली अन थापून राह्यली. तशीच मागं फिरले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरगी पसंत करणारी मीच. दिरांनी केदारखेड्याला शब्द दिल्ता. मी नुसतं नको म्हणले असते तर कुणी ऐकलं असतं? तुमी शिडीवर चढले तव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणलं, शहरातला शाना माणूस, आता बोलून जातोय. पण तुमी चार कप्पे सांगितले अन सगळी भावकी गप बसली."

म्हणजे थाप मी मारली आणि वापरली त्यांनी. सबंध हिवाळा मी एका म्हातारीला फसवल्याच्या ओझ्याखाली वावरत होतो, आणि म्हातारीनं मला शिडीवरच जोखलं होतं.

"पण तुम्हाला तर दुसरी सून हवी होती," मी म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मी बी दुसरीच, सायेब. थोरली तुळजाबाई. तिला लेकरू न्हाई म्हणून मला आणलं. लग्नाच्या दिवशी तिनंच मला न्हाऊ घातलं, तिनंच हळद लावली. मी तेरा वर्षांची. तिची बोटं माझ्या गालावर अशी थरथरून राह्यली होती, की मला हसू आल्तं." त्यांनी माजघराकडं पाहिलं. "ताराची बोटं तशीच थरथरत होती त्या दिवशी."

"कुठं असतात त्या आता?"

"कुठं असणार? ह्याच घरात मेली. वीस वर्षं ह्या चुलीपुढं माझ्या पोराला भाकरी थापून घातल्या तिनं. मी तिला एकदा बी ताई म्हणले न्हाई."

 कारभारी पंप खाली ठेवून दुसरीकडं बघत होता.

आतून ताराचा आवाज आला, "आत्याबाई, फवारेवाले आलेत. हंडे बाहेर काढू का?"

गोजरबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मला दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिला यातलं काई बोलायचं न्हाई. लाजंनं मरंल." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत बघून म्हणाल्या, "थांब गं, एकटी नको उचलू. मी आले."