खुर्चीतला गोळा

दुपारच्या तिरप्या उन्हात काथ्याची धूळ तरंगत होती आणि दुकान पेंगत होतं. बाबा गेले, सोफे-खुर्च्या भरायचं त्यांचं दुकान लेकीच्या गळ्यात पडलं. भंगारवाला दारात काटा घेऊन बसलेला. सगळं लोखंड त्याच्यापुढे गेलं. तिच्या हातात उरली एक वाकडी सळई.

हातभर लांब, टोकाशी वळलेली, लाकडी मुठीत अंगठ्यापुरता खळगा. तेलानं माखलेल्या मऊ फडक्यात गुंडाळलेली.

"हत्तीचा कान कोरायला असेल," भंगारवाला म्हणाला. "बिघडलेला माल आहे ताई, टाका काट्यावर."

बिघडलेलं अवजार बाबा तेल लावून कशाला जपतील? तिनं सळई उजव्या हातात धरली. शाळेनं छड्या मारून उजवा हातच पुढे करायला शिकवलं होतं ना! खळगा अंगठ्याला सापडेना. "ही डावरी कुणावर गेली?" असं शेजारीपाजारी विचारायचे, तेव्हा बाबा मान खाली घालून टाके घालत राहायचे. ती रांगायच्या आत आई गेली होती. फोटोसुद्धा नव्हता. आईचं आपल्यात काय आलंय, एवढंच तिला जन्मभर जाणून घ्यायचं होतं, आणि बाबांनी तोंडाला कुलूप लावलेलं.

उन्हाची गुंगी चढली असावी. सळई आपसूक डाव्या हातात आली आणि अंगठा खळग्यात अलगद बसला. खळगा लहान होता, बाईच्या अंगठ्याचा.

मग तिला दिसलं. खुंटीवरच्या बाबांच्या एप्रनमध्ये अशीच सळई होती, उलट्या वळणाची. कापडातून भोसकून आतला काथ्या सारखा करायची. हजारदा पाहिलेली ती वस्तू आरशातल्यासारखी उलटी झाली, म्हणून ओळखूच आली नव्हती.

बाबांची स्वतःची खुर्ची कोपऱ्यात होती. उजवीकडे गुळगुळीत, डावीकडे काथ्याचा हा एवढा गोळा. लोक थट्टा करायचे, पण बाबा कुणाला हात लावू देत नसत. "असू दे," म्हणायचे. आई-बाबा समोरासमोर बसून ती भरत असणार, आणि आई गेली तेव्हा तिची बाजू अर्धी राहिली.

"ताई, टाकताय ना?"

"नाही. आईची आहे." ती म्हणाली. "माझ्यासारखीच डावरी होती ती."

ती खुर्चीपुढे बसली, डाव्या हातानं सळई कापडात खुपसली आणि गोळा मोडायला लागली.