मागच्या गल्लीतली थाळी

सत्यशीलेला तिच्या नवऱ्याने भरदुपारी मारून टाकलं तेव्हा शेजारच्या चारही घरांत माणसं होती. एकाने टीव्हीचा आवाज वाढवला, एकीने पोरं आत घेऊन दार लावलं, उरलेल्यांनी 'नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा' असं म्हणत भाजी निवडली. पंचनाम्याच्या वेळी मात्र सगळ्यांनी सगळं ऐकलेलं होतं. येरवड्याच्या त्या वस्तीत बारा वर्षं लसीकरणाची कार्डं आणि लोहाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरणारी नंदा त्या दिवशी प्रेताजवळ बसून होती. तिला रडू येत नव्हतं. एकेकाच्या कानफटात द्यावीशी वाटत होती.

त्या रागातून थाळी निघाली. नियम शेंबड्या पोरालाही कळावा असा होता. कुठल्या घरात बाईवर हात पडतोय असं कळलं, की शेजारणीने दारात येऊन स्टीलची थाळी लाटण्याने बडवायची. जिच्या कानावर ती पडेल तिने आपली थाळी घेऊन तिकडे धावायचं. आत शिरायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. दारासमोर उभं राहून वाजवत राहायचं, ते थेट घरातली बाई दारात येऊन तिचं तोंड दिसेपर्यंत. कोण, कुठे, कशावरून, ही चौकशी नंतर. गॅसवर दूध असलं तर खुशाल उतू जाऊ दे, असं नंदा सांगायची. दूध परत मिळतं.

पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाउंडेशनला हे कुठूनसं कळलं. ते दिवसच तसे होते. नगर रस्त्याला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांतल्या लोकांना खिडकीतून दिसणाऱ्या पत्र्यांचं काहीतरी भलं करावंसं वाटत होतं. त्यात वाईट काय? त्यांच्या अनुदानातून वस्तीत दवाखान्याची खोली झाली, आठवड्यातून दोनदा डॉक्टरीणबाई येऊ लागल्या, नंदाच्या हाताखाली चार बायकांना काम मिळालं. थाळीलाही एक लांबलचक नाव मिळालं, त्यात 'समुदाय' आणि 'प्रतिबंध' हे दोन्ही शब्द होते. नंदाने ते कधी पाठ केलं नाही.

शर्मिला मागच्या गल्लीत राहायची. तिचा नवरा संजय रात्रभर कॉल सेंटरची गाडी चालवायचा आणि दिवसा झोपायचा. झोपेत भांडं वाजलं तरी उठून मारायचा. त्याच्या दारात थाळी दोनदा वाजली. दुसऱ्या वेळी तीस बायका होत्या, आणि हा बनियनवर बाहेर आला तेव्हा सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. त्यानंतर सात महिने त्याने हात उचलला नाही. शर्मिला मान वर करून चालायला लागली, बैठकीत येऊन बसायला लागली. नंदा येईल त्याला तिचं उदाहरण द्यायची. माणूस सुधारला, असं तिला मनापासून वाटायचं. माणूस वाट बघत होता.

अनुदानाची मुदत संपत आली तसा फाउंडेशनचा आमोद नंदाकडे आला. सदाशिव पेठेतला मुलगा, सज्जन, चहा प्यायल्यावर कप स्वतः विसळणारा. विश्वस्त मंडळी पाहणीला येणार होती, आणि त्यांच्यापुढे पाच मिनिटं थाळीचं प्रात्यक्षिक व्हावं अशी त्याची विनंती होती. नंदा म्हणाली, "थाळी खोटी वाजवत नाहीत." त्याने वाद घातला नाही. नुसतं इतकंच म्हणाला, की त्यांनी ऐकलीच नाही तर त्यांना ती कळणार कशी? नंदाच्या डोळ्यांपुढे दवाखान्याची खोली आली, चार बायका आल्या. ती हो म्हणाली. इथे ती चुकली.

आणि एक चूक झाली की दुसरी तिच्या मागोमाग येते. अचानक थाळी वाजली तर सगळी वस्ती हातातलं टाकून धावेल, कुणी भाजेल, कुणी म्हातारं पडेल, म्हणून आदल्या संध्याकाळी नंदा स्वतः घरोघर फिरली. उद्या अकराला थाळी वाजेल, ती पाहुण्यांसाठी आहे, कुणी घाबरायचं नाही, कुणी धावायचं नाही, असं दारात उभी राहून सांगत गेली. शर्मिलाच्या घरी संजय कामावर निघायच्या तयारीत आरशासमोर भांग पाडत होता. "बरं ताई," तो म्हणाला. "अकरा वाजता. धावायचं नाही. कळलं." त्याच्या नम्रपणाचं नंदाला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दवाखान्यासमोर पंचवीस बायका उभ्या राहिल्या. दोन दिवस दवाखान्याच्या खोलीत नुसत्या टाळ्यांवर तालीम झाली होती, त्यामुळे सगळ्यांचा ठेका एक पडत होता. ऐकायला छान वाटत होतं. पाहुणे खुर्च्यांवर पुढे सरकून बसले. तेवढ्यात मागच्या गल्लीतून आणखी एक थाळी ऐकू येऊ लागली, बेताल, कधी दोन ठोके पटापट तर कधी मध्येच एखादा. एका पाहुणीने हे काय म्हणून विचारलं. नंदाने हसून सांगितलं, "मागच्या गल्लीतून साथ देतायत." आमोदने ते इंग्रजीत सांगितलं आणि सगळे खूश झाले.

पाच मिनिटं झाली, बायका थांबल्या, टाळ्या पडल्या. टाळ्याही थांबल्या. मागची थाळी मात्र वाजतच होती.

खेळातली थाळी ठरल्या वेळी थांबते आणि भ्यालेल्या माणसाला ठेका धरता येत नाही. हे नंदाला ठाऊक होतं, तिनेच बायकांना शिकवलं होतं. मग एक जोराचा आवाज झाला आणि ती थाळीही बंद पडली. नंदा धावली.

शर्मिलाच्या दाराबाहेर शेजारची गोदाबाई गटारात पाय जाऊन पडली होती. सत्तरीची म्हातारी, उजवं मनगट भलतीकडे वळलेलं, थाळी लाथेने चेपलेली. तिला नुसतं दाराकडे बोट दाखवता आलं. दाराला आतून कडी होती. आतून येणारा आवाज ओरडण्याचा नव्हता. ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा, एका लयीत, घाई नसलेला होता. आत शिरायचं नाही हा स्वतःचाच नियम नंदाने त्या क्षणी मोडला. दाराबाहेरच्या ओट्यावरचा वरवंटा उचलून तिने कडीच्या जागी घातला. तिसऱ्या घावाला फळी फुटली.

संजयच्या हातात गाडीच्या जॅकचा लोखंडी दांडा होता. शर्मिला मोरीत मुटकुळं करून पडली होती. डोकं वाचवायला वर धरलेला डावा हात कोपराखाली लोंबत होता, आणि कानातून आलेलं रक्त मोरीच्या जाळीकडे चाललं होतं. ती ओरडत नव्हती, तिच्यात ओरडण्यापुरताही जीव उरला नव्हता. नंदाला पाहून संजय जरासा चकित झाला. "ताई, तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. "पाहुणे आहेत ना तुमच्याकडे."

त्यानंतरचं नंदाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वरवंटा त्याच्या मनगटावर बसला आणि दांडा खाली पडला. मागून बायका आल्या आणि त्यांनी थाळ्या वाजवल्या नाहीत. थाळीची कड धारेची असते हे त्या दिवशी कळलं. त्याची भुवई फुटली, कान फाटला, तो गुडघ्यांवर आला तरी कुणी थांबेना. नंदाने त्याचे केस मुठीत धरून त्याचं तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा आपटल्यावर पुन्हा आपटलं. तिला फार बरं वाटलं, आणि हे ती अजूनही लपवत नाही. शेवटी आमोदने तिला मागून कवेत धरून ओढलं. गल्लीच्या तोंडाशी पाहुणे उभे होते. हिंसाचार-प्रतिबंधाची पाहणी त्यांना अगदी जवळून करायला मिळाली होती.

संजयला पोलीस घेऊन गेले, शर्मिलाला सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाला पट्टी बांधून घेताना गोदाबाईने नंदाला जे सांगितलं ते नंदाने तिला दोनदा विचारून घेतलं. थाळी वाजायला लागल्यावर संजयने दार उघडलं होतं, आणि तो शांतपणे म्हणाला होता, "वाजव म्हातारे, वाजव. आज कुणी येत नसतंय. नंदाताईच सांगून गेल्यात." तरी म्हातारी हटेना, तेव्हा त्याने बाहेर येऊन तिला लाथ घातली होती.

आठव्या दिवशी आमोदचा फोन आला. विश्वस्त हादरले होते, पण दवाखाना बंद पडू नये म्हणून अनुदान चालू राहणार होतं. त्याने हळूच एक सल्लाही दिला. कुणी विचारलंच, तर टाळ्यांमुळे मागची थाळी ऐकू आली नाही असं सांगा, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. नंदाने फोन ठेवला आणि सरकारी दवाखान्यात शर्मिलाकडे गेली.

शर्मिलाचा डावा कान कायमचा गेला होता, म्हणून नंदा खाटेच्या उजव्या बाजूला बसली. मग शर्मिलाने विचारलं, "ताई, थाळी ऐकू आली होती तुम्हाला?"

सल्ला तयार होता, ओठावर होता. "आली होती," नंदा म्हणाली. "पहिल्या ठोक्यापासून. मी पाहुण्यांना सांगितलं, साथ देतायत."

शर्मिला छताकडे बघत राहिली. "तो मध्ये मध्ये थांबायचा," ती म्हणाली. "कान देऊन ऐकायचा, कुणी येतंय का. मग परत सुरू करायचा." आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. नंदाने तिच्या पायावर हात ठेवला. तिने पाय काढून घेतला.

पंधरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, ओढ्याकडच्या बाजूने थाळी वाजू लागली. बेताल होती. नंदाने उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहिलंही नाही, थाळी उचलली आणि धावत सुटली. गल्लीत दारं उघडत होती, बायका थाळ्या हातात घेऊन बाहेरही येत होत्या, पण उंबऱ्यापाशीच अडत होत्या. "ताई," एकीने विचारलं, "ही खरी आहे का?" पुढच्या दारातही तेच विचारलं, त्याच्या पुढच्याही.

"खरी आहे, चला," नंदा प्रत्येक दारात ओरडत गेली. मागे किती जणी येतायत हे वळून बघायची तिला हिंमत झाली नाही.