कापूस कोंबलेली डबी

मी गोळ्यांची डबी बोलतेय. आवाज नीट आला नाही तर दोष माझा नाही, माझ्या तोंडात आत्ताआत्तापर्यंत कापूस कोंबलेला होता.

दवाखान्यातून घरी नेल्यावर छबुबाईंनी आधी माझ्यावरचं लेबल नखानं खरवडलं. एचआयव्हीच्या गोळ्या आहेत, हे गेवराईच्या त्या गल्लीत कुणाला कळायला नको. मी खुळखुळू नये म्हणून कापूस, आणि मुक्काम ज्वारीच्या डब्यात! जीव वाचवते मी, पण वागणूक चोरीच्या मालाची.

गल्लीत मात्र छबुबाईंना मोठा मान. कुणाच्या पोराला गोवर निघाला की दाराला लिंबाचा पाला लागतो आणि पोरापाशी बसायला यांना बोलावणं येतं. "मला ल्हानपणीच येऊन गेलाय, मला काय धाड भरलीय?" असं म्हणत त्या ऐटीत जायच्या.

यंदा गोवराची साथ आली म्हणून डॉक्टरांनी त्यांचं रक्त तपासलं. गोळ्या मोजायला मलाही नेलं होतं. ऐकून मी हादरलेच.

"मावशी, लहानपणीच्या गोवरानं अंगात आलेली ताकद आता उरलेली नाही. एचआयव्हीत कधीकधी असं होतं. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढल्या की गोवराची लस देऊ. तोवर गोवराच्या पोराजवळ फिरकू नका, जिवावर बेतेल."

छबुबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "येऊन गेलेला परत कसा येतोय?" वाटभर त्या हेच पुटपुटत होत्या.

घरी आलो तर शेजारची मनिषा दारात. "मावशी, युवराजला गोवर निघालाय. अंग लई तापलंय. चला की!"

नाही कसं म्हणणार? कारण काय सांगणार? छबुबाई निघाल्यासुद्धा! पिशवीत माझा जीव टांगणीला लागला. अहो बाई, थांबा! पण तोंडात कापूस.

मनिषाच्या दाराबाहेर त्या थबकल्या. मला बाहेर काढलं, कापूस उपसून फेकला आणि मला मनिषाच्या हातात ठेवलं.

"एचआयव्ही हाय मला. ह्या गोळ्या त्याच्याच. पोराचा गोवर मला झेपायचा न्हाई."

मनिषानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मला परत त्यांच्या हातात कोंबलं, आत गेली आणि धाडकन दार लावलं.

संपलं सगळं! छबुबाईंनी मला परत पिशवीत टाकलं आणि कापूस नसल्यानं मी खुळखुळले.

तेवढ्यात आतून मनिषा ओरडली, "तिथं कशापायी उभ्या, मावशी? लांब व्हा! पोराचं वारं लागंल तुमाला! आधी दवाखान्यात जाऊन दाखवा!"

भर गल्लीत छबुबाई ढसाढसा रडल्या.

आता युवराज बरा आहे. छबुबाईंना गोवर झाला नाही, त्या लसीची वाट बघतायत. मी उघड्या फळीवर असते. जेवणं झाली की मनिषा भिंतीपलीकडून हाक मारते, "मावशी, आवाज न्हाई आला अजून!" मग छबुबाई गोळी घेतात आणि मला जोरात हलवतात.

तुमच्या घरी ज्वारीत कुणी माझी बहीण पुरली असेल, तर तिच्या तोंडातला कापूस तेवढा काढा.