ओळखणारं माणूस

"घरचंच हवं असं नाही, काका," तरुण डॉक्टर म्हणाला. "पण तुम्हाला नीट ओळखणारं माणूस हवं. आठवड्यातून एकदा तरी भेटणारं."

खुर्चीत पुढे सरसावून बसलेले मीटरकाका जरा मागे रेलले. "माझ्याबद्दल दुसऱ्याला काय विचारायचंय? मी बसलोय की इथं."

"स्मरणशक्तीचा अभ्यास आहे ना. आपलं विसरणं आपल्याला कळत नाही. म्हणून सोबतच्या माणसालाही विचारतो. निरोगी माणसाच्या बाबतीतसुद्धा."

निरोगी हा शब्द काकांना फार आवडला होता. नोकरीभर घरोघरचे विजेचे मीटर वाचत त्यांनी अर्धं शहर पायाखाली घातलं होतं. त्यामुळेच की काय, सत्तरी जवळ आली तरी ना रक्तदाब, ना साखर. 'संशोधनासाठी निरोगी ज्येष्ठ हवेत' ही दवाखान्यातली पाटी वाचून त्यांनी पाटीसमोरच शर्ट नीट खोचला होता. नेमका त्यांच्यासारखा माणूस कोणाला तरी हवा होता! रक्त दिलं, वजन दिलं, सांगितलं असतं तर उड्याही मारून दाखवल्या असत्या. आणि आता हे नवीनच.

इतक्या घरांत गेलेला माणूस, पण मीटर असतो दाराशी. "मीटरवाला आलाय गं," एवढं आत ओरडून लोक आपापल्या कामाला लागत. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. बहीण गेल्यावर उरला एक भाचा. काकांनी त्यालाच फोन लावला.

"येईन हो मामा, रजेचं बघतो," भाचा म्हणाला. "पण मी सांगणार काय? तुम्ही चहात साखर किती घेता तेही मला ठाऊक नाही."

तो हसला. काकाही हसले. फोन ठेवल्यावरही ते हसू बराच वेळ तोंडावर राहिलं, कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं.

मग त्यांना कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतल्या बाई आठवल्या. बाई बोलायला कमी, पण ऐकून घेणाऱ्या. काका गेले, घुटमळले, काउंटरवरचा नसलेला धागा झटकला.

"बाई, एक काम होतं. दवाखान्यात यायचं. माझ्याबद्दल चार प्रश्न विचारतील. नाही माहीत म्हणालात तरी चालेल."

बाईंनी हातातली बाही पुरी केली. "अर्धा दिवस दुकान बंद ठेवावं लागेल."

"मग राहू दे, राहू दे."

"नाही म्हणाले का मी? कधी जायचं ते सांगा."

ठरल्या दिवशी दोघं बसनं दवाखान्यात गेली. आधी काकांची पाळी. चित्रं ओळखायची, शब्द ऐकून परत सांगायचे. काही शब्द अगदी जिभेवर येऊन परत फिरले, पण एकंदरीत बरं गेलं असं त्यांना वाटलं. मग बाई आत गेल्या आणि काका बाहेर बाकावर बसले.

दाराला काच होती. दोन मिनिटांत 'माहीत नाही, माहीत नाही' म्हणून बाई बाहेर येतील, असा त्यांचा हिशेब. पण बाई बोलतच होत्या. कधी नव्हे ते हातवारे करून बोलत होत्या. काकांना आधी गंमत वाटली, मग अभिमानच वाटला. आपल्यात इतकं सांगण्यासारखं आहे तरी काय? तेवढ्यात डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली आणि काचेतून त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी ओळखीचं हसून हात हलवला. डॉक्टर हसला नाही.

नंतर त्यानं काकांना आत बोलावलं, बाईंच्या शेजारी बसवलं आणि समजावून सांगितलं. निरोगी लोकांच्या गटात आता त्यांना धरता येणार नाही. आणखी तपासण्या कराव्या लागतील. दुसरा एक गट आहे, त्यात येता येईल.

"म्हणजे नापास," काका म्हणाले.

"नापास काही नसतं, काका. वेळेवर कळलं, हे काय कमी आहे? पुढच्या वेळीही यांना घेऊन या."

दोघं बसथांब्यावर आली. "चार प्रश्नांना इतका वेळ?" काकांनी विचारलं.

"मी खोटं नाही बोलले, काका." बाई रस्त्याकडे बघत होत्या. "तुम्ही इस्त्रीचे कपडे घेऊन जाता आणि दुसऱ्या दिवशी तेच परत आणता. बांधलेला कागदसुद्धा फोडलेला नसतो. वर्ष होत आलं."

काकांना काही आठवेना. आठवायचा प्रयत्न करताना समोर आला तो फक्त वाफेचा वास, आणि आपलाच आवाज, काहीतरी मजेदार सांगत असलेला.

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? परत फिरवते इस्त्री. तेवढा वेळ तुम्ही बसून बोलता."

काका भडकले. "आणि तोंडातून ब्र नाही काढलात? मी मूर्खासारखा गाठोडं घेऊन येत राहिलो! आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर आला असतात?"

काका येणाऱ्या बसच्या पाट्या वाचू लागले. समोरून दोन-तीन बस गेल्या, त्यांच्या नव्हत्या.

"पुढच्या वेळी याल?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मंगळवार सोडून कधीही. मंगळवारी हॉटेलच्या चादरी असतात."

त्यांची बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली तसे बाईंनी पाय लांब केले. जन्मभर उभ्यानं काम करणाऱ्या माणसाचं बसल्यावर होतं तसंच झालं, थोड्याच वेळात त्यांची मान काचेवर कलंडली. काका मात्र ताठ बसले. शाळा गेली. पाण्याची टाकी गेली. आता पूल, मग पेट्रोलपंप, मग आपला थांबा. पूल, पेट्रोलपंप, आपला. ते ओठांतल्या ओठांत घोकत राहिले. मागचा कोणीतरी काही विचारत होता, त्याच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पेट्रोलपंप दिसला. काका उठले, दांडा घट्ट धरून वाकले आणि हलकेच म्हणाले, "बाई, उठा. आलं आपलं."