उंबऱ्यावर विझणारा दिवा

"पाय आत टाकला की दिवा जातो! बघा, पुन्हा गेला!"

दिवेलागणीला रेणुकादास मास्तरांच्या अंगणात सारी गल्ली लोटली होती. निजामाच्या राज्यात नांदेडमधल्या मोजक्याच घरांत बिजली आली होती, त्यातलं हे एक. मास्तरांची नवी सून शांतम्मा उंबऱ्याबाहेर गेली की दिवा पेटायचा, आत आली की विझायचा. मध्यभागी पिराजी महाराज बसले होते. त्यांचा चेला किशन दाराआडच्या बिजलीच्या फळीपाशी मोरपिसांचं मोरचेल हलवत उभा होता.

"आई रेणुकेचा हुकूम हाय!" महाराज गरजले. "माहूरहून मी उगं न्हाई आलो. ह्या पोरीच्या पावलात लई अंधार हाय. माहेरी धाडा, न्हाई तर वंशाचा दिवाबी जाईल!"

मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाईंना हुंदका फुटला. सून घरात आली त्याच रात्री दिवे गेले होते; तेव्हापासून तिचं पान ओट्यावर मांडलं जात होतं. महाराजांना बोलावणंही त्यांनीच धाडलं होतं.

मास्तर मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दूतून विज्ञान शिकवत. देवीचा आणि तारेचा काही संबंध नाही, हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. तरी ते गप्प राहिले. घरात वाद नको, गल्लीत शोभा नको. मुलगा हैदराबादेहून आला की बघू, असं मनाला सांगत राहिले. आता शांतम्मा पुन्हा ओट्यावर जाऊन उभी राहिली, दिवा लख्ख पेटला, आणि माहेरी देगलूरला न्यायचं तिचं गाठोडं त्यांना दिसलं. पोरगी रडत नव्हती. नुसती त्यांच्याकडे बघत होती. मास्तरांना ती नजर सोसेना. ते उठले.

"महाराज, शेजारी कावेरीबाईंकडे दिवा आहे, म्हणजे बिजली येते. हा बल्बही चांगला आहे. मग बिघाड मध्येच कुठंतरी असणार."

"देवीवर शक घेता, मास्तर?"

"देवीवर नाही, किशनवर. किशन, अंगणात ये."

किशन हलेना. गल्लीतल्या दोघांनी त्याला धरून बाहेर आणलं.

"शांतम्मा, आत ये बेटा."

ती आत आली. दिवा तसाच. बाहेर गेली, पुन्हा आली. दिवा तसाच!

मास्तरांनी मोरचेल उचललं, त्याच्या आड हात घालून फळीवरचा चिनीमातीचा फ्यूज जरा ओढला. अंधार. दाबला. उजेड.

"लग्नाला जादा दिवे लावले, फ्यूजची तार जळाली. किशननं ती गुपचूप बदलली आणि मग हा खेळ मांडला."

लोक हसू लागले. महाराजांना एकाएकी मुदखेडची गाडी आठवली.

मास्तर हसले नाहीत.

"मामंजी," शांतम्मा हळूच म्हणाली, "तार जळाली असंल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला इतके दिवस ओट्यावर का जेवू घातलं?"

मास्तरांनी तिचं गाठोडं उचलून आत ठेवलं. "माझं चुकलं, पोरी," एवढंच ते म्हणाले. गोदावरीबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

मग मास्तर गल्लीकडे वळले. "दिवा गेला तर तार तपासा, माणसाचं पाऊल तपासू नका. आणि ज्याला कळतं त्यानं लगेच बोलावं. मी गप्प बसलो, म्हणून महाराजांचं फावलं."