कंचनबाईच्या नावाचं बिल

मांगीलालांनी पितळेचा हंडा मांडीवर आडवा घेतला, नाव कोरायच्या मशीनचं बटण दाबलं आणि समोर उकिडव्या बसलेल्या इंद्रभानला विचारलं,

“नाव कोनाचं टाकू?”

“मामाचं टाका नं. भाचीचं लगन हाये, मामाच देऊन राह्यला.”

“मामाले काही नाव नाही का?”

“टाका बाप्पा, इंद्रभान मामा. गाव बी टाका. सासरी भांड्यात भांडं मिसळलं तं समजाव कसं?”

मशीन घर्रर्र करत पितळेवर चालू लागली. कंचनबाईंना या आवाजाची इतकी सवय होती की एरवी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागे. आज मात्र दुकानाचा मोबाईल त्या दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. या घरघरीत रिंगच ऐकू आली नाही म्हणजे? दर दोन मिनिटांनी त्या मोबाईल कानाशी नेऊन बघत होत्या.

हा मोबाईल मांगीलालांकडून मिळवायलाच सकाळी अर्धा तास गेला होता. आधी ते म्हणाले, मीच बोलतो. मग म्हणाले, ते लोक इंग्रजीत बोलतात, तुले समजाचं नाही. मग म्हणाले, चार्जिंग नाही. कंचनबाईंनी सरळ हात पुढं केला.

“पोरानं मलेच बोलाले सांगितलं. बिल कोनाच्या नावाचं हाये?”

मांगीलालांनी मोबाईल त्यांच्या हातावर ठेवला. बिल कंचनबाईंच्याच नावाचं होतं.

रिसोडच्या भांडेबाजारात या घराचा एक रिवाज साऱ्यांना ठाऊक होता. धनतेरसला जी वस्तू घरात यायची, तिचं बिल घरच्या लक्ष्मीच्या नावानं फाटायचं. फ्रीज कंचनबाईंचा, स्कूटर कंचनबाईंची. त्यांना चालवता येत नव्हती, ती गोष्ट निराळी. अडीच वर्षांपूर्वीच्या धनतेरसला वाशीमहून मयंकचा लॅपटॉप आणला, तर त्याचंही बिल ‘सौ. कंचनबाई मांगीलाल, रिसोड’. पत्ता दुकानाचा, मोबाईल नंबर दुकानाचा. वॉरंटी तीन वर्षांची. मांगीलालांनी एवढ्यावर तरी थांबायचं की नाही? त्यांनी तो नवाकोरा लॅपटॉप पालथा घातला आणि मशीन घेऊन त्याच्या पाठीवर बायकोचं नाव अन् गाव कोरून टाकलं. मयंक ओरडतच धावत आला होता.

“बाबूजी, हा काय डबा हाये का?”

“अरे, नावाचं भांडं कोठंबी जावो, फिरून घरीच येते,” मांगीलाल म्हणाले होते. मयंक आधी चिडला, मग इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तो लॅपटॉप घेऊन मयंक जर्मनीला शिकायला गेला. दोन वर्षं शिकतो अन् येतो, एवढंच बोलणं झालं होतं. दोन वर्षं म्हणजे काय, डोळा मिटून उघडला की संपली. दुकानाच्या बाजूचं शटर त्याच्यासाठी रिकामं ठेवलं होतं. तिथं नव्या तऱ्हेच्या स्वयंपाकघरांचं सामान मांडायचं, कंप्युटरवर चित्र काढून गिऱ्हाइकाला दाखवायचं, असं सगळं बापलेकाचं ठरलेलं. त्या शटरला भाडेकरू विचारून विचारून थकले. कंचनबाई दर पाडव्याला ते उघडून आतला केर काढत आणि पुन्हा कुलूप लावत.

आणि आता पंधरा दिवसांपूर्वी लॅपटॉपनं तिकडं मान टाकली. मयंकचा सगळा प्रबंध त्यात अडकलेला, द्यायची तारीख डोक्यावर आलेली. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं पोराला सांगितलं की वस्तू भारतातली, तर तिची वॉरंटीही भारतातलीच. ती इकडं वळती करून घ्या, मग आम्ही हात लावू. आणि वळती करायची तर बिलावर ज्याचं नाव आहे, त्यानं कंपनीला हो म्हणायला हवं. सोमवारी कंपनीचा फोन येणार होता. मंगळवारी मयंकचाच फोन आला, तो रडकुंडीला येऊन. अर्ज रद्द केला म्हणे, का ते कळत नाही. पुन्हा टाकलाय. मम्मी, या वेळी फोन तूच घे.

“दहा दिवस राह्यले मम्मी. दोन वर्षांचं सगळं त्यातच हाये. नाही उघडला तं मी मेलो.”

“असं अभद्र बोलू नोको,” कंचनबाई म्हणाल्या होत्या. त्या रात्री त्यांना धड घास गेला नाही.

मांगीलालांनी मशीन थांबवून हंड्यावर फुंकर मारली. सोमवारपासून त्यांचंही काही खरं नव्हतं. त्याच दुपारी उदयसिंग मिस्त्री बाजूच्या शटरमधल्या फळ्यांचं माप घ्यायला आला, त्याला यांनीच दोन महिन्यांपासून मागं लागून बोलावलेलं. तर हे म्हणाले, आता राहू दे, दिवाळीनंतर पाहू. मिस्त्री तणतणत गेला. कंचनबाईंनी विचारलं तर, “लाकूड महाग झालं,” एवढंच. लाकूड काय सोमवारीच महाग झालं? पण उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई, माणूस वैतागतो. कंचनबाईंनी फार ताणलं नाही.

मोबाईल हातातच थरथरला.

“हॅलो, सौ. कंचनबाई बोलताहेत का? मॅडम, मी लॅपटॉप कंपनीच्या ग्राहक सेवेतून बोलतेय. मराठीत बोललं तर चालेल ना?”

“चालते, चालते. बोल बाई.” कंचनबाईंचा जीव अर्धा खाली आला. पोरगी पुण्याकडची असावी, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा बोलत होती. तिनं बिलाचा नंबर विचारला. कंचनबाईंनी पदराखालून बिल काढून एकेक आकडा वाचला. जन्मतारीख विचारली, तीही सांगितली.

“मॅडम, तुमच्या लॅपटॉपची वॉरंटी जर्मनीला बदलण्याचा अर्ज आहे. सोमवारी आम्ही याच नंबरवर फोन केला होता. एक सर बोलले. ते म्हणाले की मुलगा फक्त शिकायला गेलाय, परत येणार आहे. म्हणून तो अर्ज रद्द झाला.”

कंचनबाईंनी मान वर केली. मांगीलाल फडक्यानं हंडा पुसत होते. हंडा कधीच पुसून झाला होता.

“तं मंग? खरंच हाये ते. शिकालेच गेला तो.”

“तात्पुरतं असेल तर वॉरंटी बदलत नाही, मॅडम. लॅपटॉप भारतात आणून द्यावा लागतो. मालकाच्या घरचा माणूस कायमचा तिकडे राहायला गेला असेल, तरच ती बदलते. मुलानं दोन्ही वेळा अर्जात तसंच लिहिलंय. नोकरीचं पत्रही जोडलंय.”

“कोनती नोकरी?”

“तिकडची, मॅडम. पर्मनंट आहे. पत्र मार्च महिन्यातलं आहे.”

मार्च. मार्चमध्येच तर कंचनबाईंनी फोनवर विचारलं होतं, तू यायच्या आत गाद्या भरून ठेवू का, की नव्या घ्यायच्या? आणि पोरगा म्हणाला होता, घाई नोको करू मम्मी, पाहू. त्यांना वाटलं, पोराला आईच्या पैशांची काळजी. त्यांनी जुन्या गाद्या उन्हात टाकल्या, कापूस पिंजून आणला, नव्या खोळी शिवल्या. आणि याच्या खिशात तेव्हा ते पत्र होतं!

“मॅडम, ऐकू येतंय ना? मला हे तुमच्या तोंडून हवंय. कॉल रेकॉर्ड होतोय. मुलगा तिकडे कायमचा राहणार आहे का?”

दुकानात पंखा तेवढा फिरत होता. इंद्रभान हंड्यावरचं आपलं नाव बोटानं चाचपून बघत होता. कंचनबाईंच्या मनात आलं, नाही म्हणावं. नाही म्हटलं की लॅपटॉप घरी येईल, पाठीवर नाव कोरलेलं आहे, यायलाच पाहिजे. आणि लॅपटॉपच्या मागं पोरगा. एका शब्दाचं तर काम! पण लगेच मंगळवारचा त्याचा आवाज कानात आला. नाही उघडला तं मी मेलो.

“हो बाई,” त्या म्हणाल्या.

“हो म्हणजे? कृपया पूर्ण सांगाल का, मॅडम?”

“माहा पोरगा तिकडंच राह्यणार हाये. कायमचा.”

मांगीलालांच्या हातातलं फडकं थांबलं.

“धन्यवाद, मॅडम. वॉरंटी बदलली. आणखी काही मदत करू शकते?”

कंचनबाईंनी हळूच विचारलं,

“बाई, हे परत इकडं आनता येते का कधी?”

“येते ना, मॅडम. फक्त वॉरंटी संपायच्या आत अर्ज करायचा. तुमची...” तिकडं बटणं दाबल्याचा आवाज आला. “तुमची या धनत्रयोदशीच्या सुमाराला संपतेय.”

इंद्रभान हंडा खांद्यावर टाकून रामराम करून गेला. तो वळला तशा कंचनबाई बोलल्या, आणि त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस वाकून बघू लागला.

“सोमवारपासून ठाऊक होतं तुमाले!”

“होतं.”

“न पोराचं काम तुमीच अडवून राह्यले? चार दिवस तो तिकडं तडफडून राह्यला न तुमी इथं हंडे घासता? असा कसा बाप तुमी?”

“मले म्हनताच नाही आलं, कंचन.” मांगीलालांनी फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. “ती पोरगी म्हने, पोराची तिकडं पक्की नोकरी हाये, कायमचा का? माह्या तोंडातून नाहीच निघालं. म्हटलं, नाही नाही, येते तो. फोन ठेवला न मंग समजलं, म्या काय करून ठेवलं. तुले सांगाव तं कसं सांगाव? तू गाद्या भरून ठेवल्या.”

कंचनबाईंनी बिलाची घडी घातली आणि तोंडाला पदर लावला. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला त्यांनी कंजूष म्हटलं, हट्टी म्हटलं, तिरसट म्हटलं. गेले चार दिवस तो हे एकटाच गिळून बसला होता, त्याला काय म्हणायचं, हे त्यांना सुचलं नाही.

घरच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून साडेसहाला दोघं मागच्या घरात पाटावर बसली. पोळी मोडली, तोवर मोबाईल वाजला. पडद्यावर मयंकचा चेहरा, दाढी वाढलेली, पण फुललेला.

“मम्मी! झालं! आत्ताच मेल आला. उद्याच दुरुस्तीले घेऊन राह्यले! तुह्यामुळं झालं सारं. काय म्हनली तू त्याइले?”

“त्याइनं विचारलं ते सांगितलं.”

मयंक घाईघाईनं म्हणाला, “मम्मी, ते फॉर्मवर तसं लिहावं लागते. नुसती फॉर्मलिटी असते ते.”

“हो रे बाबू.”

“मी सांगनारच होतो. खरंच.”

“जेवला का तू?”

“जेवलो. मम्मी, मी दिवाळीले येतो. पक्कं. तिकीट बी पाह्यलं म्या. बाबूजी हायेत का तिथं?”

कंचनबाईंनी मोबाईल नवऱ्याच्या पुढं धरला. मांगीलालांनी हात पुसले, चष्मा सरळ केला.

या माणसाची एक खोड होती. पाहुणा दारात आला, पिशवी अजून हातात आहे, तोच हे विचारणार, कितीक दिवस? मनात काही नसे, कोणती भाजी आणायची, कोणत्या खोलीत झोपवायचं, तेवढ्यासाठी. घरच्या माणसाला मात्र ते कधी हे विचारत नसत. रुचिका, त्यांची पोरगी, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. रुचिका दारातच उभी राहून ओक्साबोक्शी रडली होती. बाबूजी, मले इचारता? तेव्हापासून तिच्यासमोर त्यांनी तो शब्द काढला नव्हता.

“बाबूजी, दिवाळीले येऊन राह्यलो मी,” मयंक म्हणाला.

“ये बाप्पा,” मांगीलाल म्हणाले. त्यांनी घसा खाकरला, पडद्यावरच्या पोराकडं नीट पाहिलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, “कितीक दिवस?”

मयंकचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, फक्त डोळे हलत होते. मग त्यानं मोबाईल जरा बाजूला धरला. पडद्यावर नुसती एक पांढरी भिंत दिसत राहिली.

“पंधरा दिवस, बाबूजी,” भिंतीमागून आवाज आला.

“बरं. पंधरा बी लय झाले,” मांगीलाल म्हणाले आणि मोबाईल बायकोच्या हातात देऊन ताटाकडं वळले. अंधार पडायला अजून थोडा वेळ होता. कंचनबाईंनी त्यांच्या वाटीत वरण वाढलं.