नर्सबाईंसाठी एक ओळ

जागेवर जाण्याआधीच बातमी लिहून ठेवायची, ही बातमीदाराची जुनी खोड. माणसं काय बोलणार ते त्याला पाठ होतं; त्यांच्यासाठी तो मध्ये रिकाम्या ओळी सोडायचा आणि जाऊन भरून आणायचा. उंटावरून शेळ्या हाकणंच ते! पण बावीस वर्षं वणवण करून नवं काही ऐकायची हौस त्याला उरली नव्हती.

आज तो असाच लिहून आणलेला कागद हातात घेऊन नर्सबाईंच्या घरी बसला होता. त्यांच्या वॉर्डात रात्री दोनला एक आजोबा पलंगावरून पडले होते, आणि टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या बाईंचा फोटो गावभर फिरत होता. उद्या चौकशी होती. त्याची बातमी आली की नोकरी गेलीच म्हणायची.

"तुमचं म्हणणं थोडक्यात सांगा," तो जांभई आवरत म्हणाला.

"आधी तुमचं वाचू द्या की."

त्याने कागद दिला. वाद घालायला अंगात त्राण कुठे होतं! बाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"माझ्यासाठी एकच ओळ, साहेब?"

"सोड गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं आधीच ठरलंय."

"फोटो तरी नीट बघितलात का?" बाईंनी त्याला विचारलं.

दहादा बघितला होता. तरी त्याने मोबाइल काढला. टेबल, रजिस्टर, बाईंचं डोकं. आणि टेबलावर खिडकीतून आलेलं लख्ख ऊन.

"तो दुसऱ्या दिवशीचा," बाई म्हणाल्या. "बदलीची बाई आली नाही, दुपारपर्यंत मीच होते. तेव्हा लागला डोळा, नाही म्हणत नाही. पण आजोबा पडले तेव्हा मी शेजारच्या वॉर्डात एकाला ऑक्सिजन लावत होते. दोन वॉर्ड आणि मी एकटी."

त्याचे कान शरमेने तापले. आजवर अशा किती ओळी भरल्या, आणि किती जणांनी 'सोड' म्हणून सोडून दिलं असेल!

त्याने संपादकांना फोन लावला. "ती बातमी थांबवा. दुसरी देतो."

"कुठली?"

"मला अजून माहीत नाही."

"तुला माहीत नाही? बरा आहेस ना?"

त्याने फोन ठेवला, पेनाला टोपण लावलं. "पहिल्यापासून सांगा, ताई. लिहायचं मग बघू."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. डोळे भरून आले होते.

"अगं, त्यांना पाणी तरी दे," आतून सासूबाई म्हणाल्या. "वेळ लागणार आहे."